एका विद्यार्थ्याची हद्दपारी आणि अमेरिकेची राज्यघटना



गेल्या महिन्यात एका विधी महाविद्यालयात माझ्या संशोधनाबद्दल बोलायला गेले होते. मी मूळची रसायनशास्त्राची. एम.एस्सी. झाल्यावर पीएच.डी.साठी प्रदूषणाच्या नियमांकडे वळले. कायदा संसद करते, पण कारखान्यातून नदीत सोडलेल्या पाण्यात कुठला घटक किती मिलिग्रॅम चालेल हे कोण ठरवतं आणि ठरवणाऱ्यावर लक्ष कोण ठेवतं, हा माझा विषय. त्या ओघात अमेरिकेची राज्यघटना वाचावी लागली आणि मग ती काही सुटेना.

भाषण संपल्यावर तिसऱ्या वर्षाच्या एका विद्यार्थिनीने मला जिन्यात गाठलं. म्हणाली, "ताई, आम्हाला पेपरला अमेरिका आहे. सेपरेशन ऑफ पॉवर्स, चेक्स अँड बॅलन्सेस, ज्युडिशियल रिव्ह्यू, सगळं पाठ आहे. पण हे नसतं तर एखाद्या माणसाचं नेमकं काय बिघडलं असतं, ते काही डोळ्यासमोर येत नाही."

जिन्यात उभ्या उभ्या मी काहीतरी उत्तर दिलं. ते माझं मलाच पटलं नाही. म्हणून आज तेच उत्तर नीट देते. तत्त्वांची यादी देत नाही, ती तुमच्या गाईडमध्ये आहेच. एकच खटला घेऊ. त्यात ही जवळजवळ सगळी तत्त्वं एकेक करून कामाला लागलेली दिसतात, आणि मध्यभागी आहे व्हिसा संपलेला एक विद्यार्थी.

जगदीश राय चढ्ढा

जगदीश राय चढ्ढा भारतीय वंशाचे, जन्म केनियातला, पासपोर्ट ब्रिटिश. १९६६ मध्ये विद्यार्थी व्हिसावर ते अमेरिकेत शिकायला गेले. व्हिसा ३० जून १९७२ रोजी संपला. आता परत जायचं कुठे? केनिया १९६३ मध्ये स्वतंत्र झाला होता आणि हे तर ब्रिटिश पासपोर्टवाले. ब्रिटनने १९६८ मध्ये कायदा करून पूर्व आफ्रिकेतल्या अशाच आशियाई लोकांचा प्रवेश अवघड करून ठेवला होता. हातात पासपोर्ट होता, पण त्या पासपोर्टाचा देश सहज दार उघडणारा नव्हता.

ऑक्टोबर १९७३ मध्ये अमेरिकेच्या इमिग्रेशन खात्याने नोटीस काढली: तुम्हाला हद्दपार का करू नये, ते सांगा. तेव्हाच्या कायद्यात एक सवलत होती. माणूस सलग सात वर्षं देशात राहिलेला असेल, वर्तन चांगलं असेल आणि हद्दपारीने त्याची पराकोटीची परवड होणार असेल, तर अ‍ॅटर्नी जनरलला हद्दपारी स्थगित करता येई. त्याच्या वतीने हा निर्णय इमिग्रेशन जज घेत. चढ्ढांची रीतसर सुनावणी झाली, कागदपत्रं तपासली गेली आणि जून १९७४ मध्ये जजनी स्थगिती दिली. माणूस सुटला, असं कुणालाही वाटलं असतं.

पण त्याच कायद्यात आणखी एक कलम होतं. अशा प्रत्येक स्थगितीची माहिती काँग्रेसला, म्हणजे तिथल्या संसदेला, द्यायची. आणि काँग्रेसच्या दोन सभागृहांपैकी कुठल्याही एकाने विरोधाचा ठराव केला, की स्थगिती रद्द. याला म्हणतात लेजिस्लेटिव्ह व्हेटो.

१२ डिसेंबर १९७५ रोजी प्रतिनिधिगृहात, म्हणजे हाऊस ऑफ रिप्रेझेंटेटिव्ह्जमध्ये, एक ठराव मांडला गेला. समितीने ३४० प्रकरणं पाहिली होती, त्यातल्या सहा जणांना कायमच्या वास्तव्याची परवानगी देऊ नये, असा. सहांपैकी एक चढ्ढा. १६ डिसेंबरला ठराव मताला आला. तो छापलेला नव्हता, सदस्यांना वाटलेला नव्हता. चर्चा झाली नाही. कुणी कसं मत दिलं याची नोंद नाही. या सहा जणांची परवड कायद्याला हवी तेवढी नाही असं समितीला वाटतं, एवढंच समितीतर्फे सांगण्यात आलं. ठराव मंजूर झाला. जजने ऐकून घेऊन दिलेला निर्णय न ऐकता पुसला गेला.

आता आपली तत्त्वं एकेक करून बघू.

पहिला प्रश्न: कोर्टात जाता येतं का?

इमिग्रेशन जजकडे चढ्ढांनी आक्षेप घेतला की हे कलमच घटनाबाह्य आहे. जज म्हणाले, ते ठरवायचा अधिकार मला नाही. बरोबरच होतं. नावात जज असलं तरी हे पद कार्यकारी शाखेतलं. कायदा घटनेशी जुळतो की नाही हे कोर्टाने ठरवायचं, ही परंपरा १८०३ च्या मार्बरी विरुद्ध मॅडिसन खटल्यापासूनची. गंमत म्हणजे अमेरिकन घटनेत ज्युडिशियल रिव्ह्यू हा शब्दही नाही. सरन्यायाधीश मार्शल यांनी तो तर्काने काढला: घटना हा सर्वोच्च कायदा असेल आणि साधा कायदा तिच्या विरोधात जात असेल, तर समोर आलेला खटला निकाली काढताना न्यायाधीशाने घटनेचंच ऐकलं पाहिजे.

'समोर आलेला खटला' हे शब्द लक्षात ठेवा. तिथली संघीय न्यायालयं नुसता सल्ला देत नाहीत. आपल्याकडे अनुच्छेद १४३ खाली राष्ट्रपती सर्वोच्च न्यायालयाचं मत मागू शकतात, तशी सोय तिथे नाही. खरा वाद हवा, खरं नुकसान झालेला माणूस हवा आणि कोर्टाच्या निकालाने ते नुकसान भरून येण्यासारखं हवं. याला स्टँडिंग म्हणतात.

चढ्ढांच्या खटल्यात इथेच पेच पडला. इमिग्रेशन खातं वरच्या कोर्टात चक्क चढ्ढांशी सहमत झालं! हे कलम घटनाबाह्यच आहे, असं तेही म्हणू लागलं. कार्यकारी शाखेला काँग्रेसची ही ढवळाढवळ मुळातच नको होती. मग भांडण उरलं कुठे? काँग्रेसची दोन्ही सभागृहं आपल्या कलमाचा बचाव करायला पुढे आली. शिवाय खातं मनाने सहमत असलं, तरी कोर्टाने नको म्हटलं नाही तर ते चढ्ढांना विमानात बसवणारच होतं. वाद खरा होता.

काँग्रेसच्या वकिलांचा आणखी एक डाव होता. व्हेटोचं कलम गेलं तर त्याच्यासोबत स्थगितीची सवलतही जाईल, कारण व्हेटो हाताशी नसता तर काँग्रेसने ती सवलत दिलीच नसती; आणि सवलतच नसेल तर चढ्ढांना जिंकून मिळणार काय? थोडक्यात, झाड तोडाल तर तुमची फांदीही पडेल. यावर कोर्टाने कायद्याकडेच बोट दाखवलं. एखादं कलम रद्द झालं तरी उरलेला कायदा टिकेल, असं काँग्रेसने स्वतःच त्यात लिहून ठेवलं होतं. याला सेव्हरेबिलिटी म्हणतात. परीक्षेत या मुद्द्याला दोन ओळी मिळतात. चढ्ढांचं सगळं आयुष्य त्या दोन ओळींवर होतं.

दुसरा प्रश्न: सभागृहाने नेमकं केलं काय?

हा खटल्याचा गाभा. अमेरिकन घटनेच्या पहिल्या अनुच्छेदात कायदा कसा करायचा याची पायवाट आखून दिली आहे. विधेयक प्रतिनिधिगृहात मंजूर व्हायला हवं, सिनेटमध्येही मंजूर व्हायला हवं, आणि मग राष्ट्राध्यक्षांपुढे जायला हवं. ते सही करतात किंवा परत पाठवतात. परत पाठवलं तर दोन्ही सभागृहांत दोन-तृतीयांश मतांनी त्यांना डावलता येतं. दोन सभागृहांच्या अटीला बायकॅमरॅलिझम म्हणतात, राष्ट्राध्यक्षांपुढे ठेवण्याच्या अटीला प्रेझेंटमेंट.

सप्टेंबर १९८७ मध्ये नव्हे, तर १७८७ मध्ये लिहिलेली ही पायवाट दोनशे वर्षांनी एका विद्यार्थ्याच्या कामी आली ती अशी. कोर्टाने विचारलं: १६ डिसेंबरच्या ठरावाचा परिणाम काय? तर सभागृहाबाहेरच्या माणसांचे कायदेशीर हक्क आणि कर्तव्यं बदलली. चढ्ढांचा राहण्याचा हक्क गेला, अ‍ॅटर्नी जनरलवर हद्दपार करण्याची जबाबदारी आली. असा परिणाम घडवणारी कृती, तिला ठराव म्हणा नाहीतर आणखी काही, कायदा करण्यासारखीच आहे. आणि कायदा करायचा तर पायवाट एकच. एका सभागृहाने एकट्याने करायची कामं घटनेत मोजून चार आहेत: महाभियोग दाखल करणं प्रतिनिधिगृहाकडे, तो चालवणं, नेमणुकांना संमती देणं आणि करारांना मान्यता देणं सिनेटकडे. चढ्ढांना देशाबाहेर काढणं त्या यादीत नाही.

२३ जून १९८३ रोजी सात विरुद्ध दोन असा निकाल लागला. बहुमताचं निकालपत्र सरन्यायाधीश बर्गर यांचं. त्यांचं म्हणणं साध्या शब्दांत असं: ही पद्धत सोयीची आहे, कार्यक्षम आहे, हे मान्य, पण सोय हे घटना मोडण्याचं कारण होऊ शकत नाही. घटना लिहिणाऱ्यांनी कायदा करणं मुद्दाम अवघड ठेवलं होतं.

न्यायमूर्ती पॉवेल निकालाशी सहमत होते, पण कारण त्यांचं वेगळं. ते मला जास्त भिडतं. ते म्हणाले, इथे सभागृहाने कायदा केला नाही, न्यायनिवाडा केला. सहा माणसं कायद्याच्या निकषात बसतात की नाही हे ठरवलं. कोर्टात असताना माणसाला बाजू मांडता येते, वकील देता येतो, निवाडा करणाऱ्याला नियम बांधून ठेवतात. सभागृहात यातलं काहीच नव्हतं. विधिमंडळाने माणसं नावानिशी निवडून शिक्षा देऊ नये, ही घटनाकारांची जुनी भीती. त्यासाठी बिल ऑफ अटेंडरवर त्यांनी घटनेतच बंदी घातली होती. पॉवेल यांना चढ्ढांच्या प्रकरणात त्याच धोक्याची सावली दिसली.

हक्क नव्हे, रचना

आता त्या विद्यार्थिनीच्या प्रश्नाकडे येते. चढ्ढा जिंकले ते कुठल्या मूलभूत हक्काच्या जोरावर?

कुठल्याच नाही! हे सहज नजरेतून सुटतं. अमेरिकन घटनेतलं ड्यू प्रोसेसचं कलम नागरिकापुरतं नाही, ते 'व्यक्ती'ला लागू आहे. १८८६ च्या यिक वो खटल्यात सॅन फ्रान्सिस्कोतल्या चिनी धोब्यांना समान संरक्षण मिळालं ते याच शब्दामुळे. पण देशात कुणाला येऊ द्यायचं आणि कुणाला बाहेर काढायचं, या बाबतीत तिथल्या कोर्टांनी १८८९ पासून काँग्रेसला फार मोकळा हात दिलेला आहे. 'माझ्यावर अन्याय झाला' एवढ्यावर चढ्ढा उभे राहिले असते तर निकाल काय लागला असता, कोण जाणे. ते जिंकले ते 'तुम्ही ज्या रस्त्याने आलात तो रस्ता घटनेत नाही' या मुद्द्यावर.

सेपरेशन ऑफ पॉवर्स हे सत्ताधाऱ्यांमधलं आपसातलं भांडण वाटतं. काँग्रेस, राष्ट्राध्यक्ष आणि कोर्ट एकमेकांच्या वाट्यात हात घालू नयेत म्हणून कुंपण. पण त्या कुंपणाच्या आडोशाला कधी कधी एखादा सामान्य माणूस उभा असतो. मत देण्याचा हक्क नसलेला, खासदाराला चिठ्ठी न लिहू शकणारा, व्हिसा संपलेला माणूस. हे तत्त्व नसतं तर कुणाचं काय बिघडलं असतं? याचं उत्तर म्हणजे १६ डिसेंबर १९७५.

पण गोष्ट इथे संपत नाही

लेख इथे थांबवला असता तर छान वाटलं असतं, पण तो अर्धा राहिला असता. कारण चढ्ढांच्या विरोधात लिहिणारे न्यायमूर्ती व्हाईट यांनी जे बजावलं, ते माझ्या संशोधनाच्या वाटेवर मला रोज भेटतं.

विसाव्या शतकात सरकारचं काम इतकं वाढलं की प्रत्येक बारीक नियम काँग्रेसने करणं शक्य राहिलं नाही. म्हणून तिने खात्यांना अधिकार दिले: हवेचे, पाण्याचे, औषधांचे नियम तुम्ही करा. अधिकार तर दिले, पण लगाम? लगाम म्हणून १९३० च्या दशकापासून व्हेटोची कलमं लिहिली जाऊ लागली. तुम्ही करा, पण आम्हाला पटलं नाही तर रद्द करू. व्हाईट म्हणाले, अधिकार देताना पायवाट सोडलेली चालते, मग परत घेताना तिचा आग्रह का? चढ्ढांच्या निकालाने एका फटक्यात जवळपास दोनशे कायद्यांतली अशी कलमं धोक्यात आली.

याची किंमत एका उदाहरणात बघा. १९७६ च्या राष्ट्रीय आणीबाणी कायद्यानुसार राष्ट्राध्यक्षांनी जाहीर केलेली आणीबाणी काँग्रेसची दोन्ही सभागृहं साध्या बहुमताने, राष्ट्राध्यक्षांच्या सहीशिवाय, संपवू शकत. चढ्ढांच्या निकालानंतर हे टिकणार नाही हे उघड होतं, म्हणून १९८५ मध्ये कायदा बदलून राष्ट्राध्यक्षांपुढे ठेवण्याची अट घातली. आता २०१९ मध्ये या. मेक्सिकोच्या सीमेवरच्या भिंतीसाठी राष्ट्राध्यक्ष ट्रम्प यांनी आणीबाणी जाहीर केली. ती संपवण्याचा ठराव प्रतिनिधिगृहात २४५ विरुद्ध १८२ आणि सिनेटमध्ये ५९ विरुद्ध ४१ मतांनी मंजूर झाला. दोन्हीकडे स्पष्ट बहुमत! राष्ट्राध्यक्षांनी तो नाकारला. दोन-तृतीयांश जमले नाहीत, आणीबाणी चालू राहिली. जुना कायदा चालला असता तर ती त्या बहुमतानेच संपली असती.

ज्या पायवाटेने चढ्ढांना वाचवलं, तीच पायवाट राष्ट्राध्यक्षांच्या हातातला अधिकार परत घेऊ देत नाही. तत्त्व तेच, फायदा प्रत्येक वेळी वेगळ्या माणसाचा. परीक्षेत 'समीक्षा करा' असं लिहिलेलं असतं तेव्हा हे दोन्ही प्रसंग शेजारी शेजारी मांडा.

नियमांच्या बाबतीतही तसंच. १९९६ मध्ये काँग्रेसने चढ्ढांच्या चौकटीत बसेल अशी नवी सोय केली: खात्याचा नियम नको असेल तर दोन्ही सभागृहांचा ठराव आणि राष्ट्राध्यक्षांची सही. पण स्वतःच्याच खात्याचा नियम रद्द करायला राष्ट्राध्यक्ष सही कशाला करतील? म्हणून २०१७ पर्यंत ही सोय फक्त एकदा, २००१ मध्ये, फळाला आली. राष्ट्राध्यक्ष बदलले की मात्र ती जोरात चालते. २०१७ च्या सुरुवातीला अशा ठरावांची रांग लागली. त्यात कोळसा खाणींजवळचे ओढे वाचवण्यासाठीचा नियमही गेला. तो नियम आदल्या डिसेंबरमध्ये केलेला होता.

आपल्याकडे काय?

पर्यावरण संरक्षण कायदा, १९८६ घ्या. केंद्र सरकारने केलेले नियम संसदेच्या दोन्ही सभागृहांपुढे तीस दिवस ठेवायचे, आणि दोन्ही सभागृहं सहमत झाली तर ते बदलता किंवा रद्द करता येतात, असं कलम २६ सांगतं. राष्ट्रपतींच्या सहीची अट नाही. म्हणजे अमेरिकेत जे घटनाबाह्य ठरलं, त्याचंच चुलत भावंड आपल्याकडे सुखाने नांदतं आहे.

हे असं का, याचं उत्तर ४ नोव्हेंबर १९४८ च्या डॉ. आंबेडकरांच्या भाषणात सापडतं. मसुदा मांडताना त्यांनी दोन पद्धतींची तुलना केली. अमेरिकन पद्धतीत स्थैर्य जास्त, पण कार्यकारी सत्तेचं उत्तरदायित्व कमी. संसदीय पद्धतीत उत्तरदायित्व रोजच्या रोज तपासलं जातं, प्रश्नांतून, ठरावांतून, अविश्वासाच्या प्रस्तावातून. मसुद्याने उत्तरदायित्वाला झुकतं माप दिलं. अमेरिकन काँग्रेसकडे राष्ट्राध्यक्षांना रोज जाब विचारायची अशी सोय नाही, म्हणून तिला व्हेटोसारखी पळवाट शोधावी लागली.

अर्थात कलम असणं वेगळं आणि ते वापरणं वेगळं. आपल्याकडे सभागृहात बहुमत सरकारचंच असतं आणि नियमही सरकारनेच केलेला असतो. तो रद्द करायला हात वर कोण करणार? तीस दिवस नियमांची प्रत सभागृहात पडून राहते. कुणी ती वाचतं का, हा माझ्या प्रबंधाच्या तिसऱ्या प्रकरणाचा विषय आहे. त्यावर पुढे कधीतरी.

वाचायचं कसं?

शेवटी विद्यार्थ्यांसाठी. अमेरिकन घटनेचा कुठलाही मोठा खटला हाती आला की पाच प्रश्न वहीत लिहा. माणूस कोण आणि त्याचं काय गेलं? ते कुणी घेतलं, कुठल्या शाखेने? ती कृती घटनेतल्या कुठल्या शब्दात बसते किंवा बसत नाही? कोर्टाने हात घालावा का? आणि निकाल लागल्यावर दुसऱ्या कुणाच्या हातातून काय गेलं? पहिले चार बहुतेक जण लिहितात. पाचवा राहतो.

जिन्यात भेटलेल्या मैत्रिणीला हा लेख पाठवते आहे. तिने पाचव्या प्रश्नाचं उत्तर माझ्यापेक्षा वेगळं लिहिलं तर मला कळव म्हणून सांगितलंय. तुम्हीही कळवा.